भाऊजींनी घर उजवलं

दुसऱ्याच्या घरावर आमच्या भाऊजींइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या अष्टागरात झाला नाही, आणि आता होईल असंही मला वाटत नाही. भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे मावसभाऊ. ह्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, अंगानं काटकुळे, उन्हानं रापलेले आणि बिनलग्नाचे. लग्न का केलं नाही म्हणून कुणी छेडलंच तर म्हणायचे, "मोजणी खात्यातला माणूस मी. आज मुरुड, उद्या पेण. बायकोला काय साखळीला अडकवून नेणार होतो?" साखळी म्हणजे जमीन मोजायची ती लोखंडी साखळी. तिचं एक टोक धरून भाऊजींनी पंचवीस वर्षं सगळा कुलाबा जिल्हा तुडवला, तुमची हद्द इथपर्यंत आणि त्याची तिथपर्यंत असं गावोगावच्या लोकांना दाखवून दिलं, आणि पेन्शन घेऊन परत आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मालकीचं म्हणाल तर एक पत्र्याची ट्रंक, एक छत्री आणि एक स्टोव्ह. रेवदंड्याच्या बाजारात एका वखारीच्या माडीवर त्यांनी खोली घेतली होती. पण तिथे ते फक्त झोपायचे. सकाळ-संध्याकाळचा चहा आमच्याकडे, जेवण आमच्याकडे किंवा गावात जिथे कुठे पान वाढलेलं असेल तिथे, आणि उरलेला दिवस लोकांच्या घरांतले दोष काढण्यात.

दोष काढायचे म्हटलं की तुम्हाला वाटेल, माणूस तिरसट असणार. मुळीच नाही. चांगला वैद्य रोग्याची नाडी बघतो ना, तसे ते घराकडे बघायचे. कुणाकडेही पहिल्यांदा गेले की मागच्या दारानं शिरायचे. "पुढचं दार लोकांसाठी असतं, वहिनी. घराचा स्वभाव मोरीपाशी कळतो." त्यामुळे गावातल्या निम्म्या बायकांनी भाऊजींना पहिल्यांदा पाहिलं ते भांडी घासता घासता, आणि किंचाळून. मग पावलं मोजत ते ओटीवर यायचे, छत्रीच्या मुठीनं एकेक खांब ठोकायचे, त्याला कान लावायचे, आणि मान हलवून सांगायचे, "हे दार चार बोटं डावीकडे हवं होतं." दार बसवून साठ वर्षं झालेली, बसवणारा सुतार केव्हाच स्वर्गात गेलेला. आता त्याला जाऊन सांगणार कोण? एकदा नागावला एका घरी आम्ही समाचाराला गेलो होतो. घरातले म्हातारे गेले होते. बायका पदर डोळ्याला लावून बसलेल्या, पुरुष जमिनीकडे बघताहेत, कुणी काही बोलेना. त्या शांततेत टक टक आवाज यायला लागला. बघते तो भाऊजी मधल्या खांबाशी! "वाळवी आहे," ते हळूच म्हणाले, "आतून भुगा झालाय. तुळई कधी खाली येईल नेम नाही." थोरला मुलगा डोळे पुसत उठला, त्यानं खांबात खिळा टोचला, तर खिळा लोण्यात जावा तसा आत गेला. रडणं थांबलं आणि सुताराला बोलावणं गेलं. मी लाजेनं अर्धमेली झाले होते. पण पुढे त्याच थोरल्यानं भाऊजींना नारळांचं पोतं पाठवलं, हेही सांगायला हवं. ते पोतं अर्थात आमच्याकडेच आलं. वखारीच्या माडीवर नारळ खोवणार कोण?

तर आता आमच्या घराचं सांगते. चौलाकडून रेवदंड्याला येताना खाडीच्या अंगाला आमचं लहानसं कौलारू घर होतं. पुढे ओटी, मागे पडवी, दहा-बारा माड, गोठा आणि पडवीला लागून विहीर. मी दोन मुलींना घेऊन तिथे, आणि हे मुंबईला एका छापखान्यात. तिकडे नऊ जणांत एक खोली, जेवण खानावळीत. घरी यायचे गणपतीला आणि शिमग्याला. अशी सात वर्षं गेली. मी कधी कुरकुर केली नाही. आमच्याकडच्या किती तरी बायकांचं तेच होतं, कुरकुर कुणापाशी करायची? पण त्या वर्षी शिमग्याला हे आले, ओटीवर पिशवी ठेवली, आणि आमची चार वर्षांची धाकटी धावत आत येऊन मला सांगते, "आई, पाहुणे आले!" ह्यांनी ते ऐकलं. जेवताना त्यांनी मान वर केली नाही. आणि परत गेल्यावर पंधरा दिवसांत त्यांचं पत्र आलं, की ओळखीतल्या एकाची खोली सुटते आहे, आपल्याला देतो म्हणतो, पण पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत काय ते सांगा. खोलीची पागडी द्यायची तर घर विकण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. म्हणजे वैशाख सरायच्या आत घर गेलं तर आम्ही चौघं एका छपराखाली, नाही तर आणखी किती वर्षं हे 'पाहुणे' राहणार, देव जाणे.

आणि घर तर कुणी घेईना. कारण एकच, पाणी. विहीर दारात, बारमाही, कधी आटली नाही. पण खाडी शेजारी. होळी सरली की पाणी मचूळ व्हायला लागायचं, आणि वैशाखात तर चहात आधीच कुणी मीठ टाकून ठेवलंय असं वाटायचं. डाळ चुलीवर ठेवली की ती शिजायची वाट बघत माणसाचं वय वाढायचं. आषाढात पुन्हा सगळं गोड. आम्हाला सवय होती. पण आपल्याकडची रीत अशी, की दाराशी कुणीही आलं तरी आधी गूळपाणी. गिऱ्हाईक यायचं, ओटीवर टेकायचं, मी गुळाचा खडा आणि तांब्या पुढे करायची, की तिथेच व्यवहार संपला. अलिबागचे एक म्हातारे मास्तर आले होते. त्यांनी मोठा घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, माडांकडे पाहिलं. बाईमाणसासमोर थुंकावं कसं, आणि गिळावं तरी कसं? शेवटी तसेच गाल फुगवून, हातानंच "येतो" अशी खूण करून फाटकाबाहेर गेले. गूळ मात्र नेला.

ह्यांचं पत्र मी भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांनी चहा संपवला, बाहेर गेले, फाटकातून परत आत आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घराकडे त्यांनी परक्या माणसासारखं बघितलं. ओटीवरून, पडवीतून, विहिरीपासून, रस्त्यावरून. मग म्हणाले, "वहिनी, मुलगी चांगली आहे. तुम्हाला दाखवता येत नाही." त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे 'मुलगी', गिऱ्हाईक म्हणजे 'मुलाकडचे', आणि भाऊजी मुलीचे मामा. मी म्हटलं, "आणि पाण्याचं काय?" तर म्हणतात, "व्यंग कुणात नसतं? खोटं बोलायचं नाही. पण मुलाकडच्यांना जे शेवटी कळायला हवं, ते तुम्ही पहिल्या घोटात सांगता!"

मग सुरू झाला साजशृंगार. आधी रंग. भाऊजींनी शिंपल्यांचा चुना आणला, स्वतः भिजवला, आणि पांढरा रंग उठून दिसावा म्हणून त्यात नीळ घातली. चिमूटभर घालतात, त्यांनी पुडीच्या पुडी रिकामी केली. वाळल्यावर घर असं निळंशार झालं, की टोपली घेऊन जाणारी कोळीण फाटकाशी थांबून विचारते, "वैनी, कंचा देव बशिवला गो?" भाऊजी खूश. म्हणाले, "बघा, लक्ष जातं की नाही!" मग झोपाळा. त्याच्या कड्या करकरायच्या. त्यांना तेल पाजून भाऊजींनी त्या मुक्या केल्या, आणि मग दोन दिवस विचार करून एका कडीचं तेल पुसून काढलं. "अगदी गप्प घर बरं नव्हे. वाटतं, इथे कुणी राहत नाही. जरा करकर हवी." मला झोपाळ्यावर बसवायचे आणि स्वतः रस्त्यावर उभं राहून ओरडायचे, "थोडा जोरात, वहिनी! हां, आता घरात माणसं असल्यासारखं वाटतं!" घरात माणसं होतीच की, मी नव्हते का तिथे बसलेली!

मग गोठा. आमची गाय वारल्यापासून तो रिकामा होता. रिकामा गोठा बघून मुलाकडच्यांचं मन खट्टू होतं, म्हणून शेजारची गाय मागून आणली. गाय गुणी होती, पण खाण्याच्या बाबतीत तिला धरबंध नव्हता. आल्या आल्या तिनं दाराचं तोरण खाल्लं. दुसऱ्या दिवशी मुंबईचे एक व्यापारी घर बघायला आले. भाऊजी त्यांना गोठ्याशी नेऊन वाशांची जात समजावून सांगत होते, तेवढ्यात गाईनं शेठजींच्या उपरण्याचं टोक तोंडात घेतलं. व्यापारी ओढतो आहे, गाय ओढते आहे, आणि भाऊजी मध्ये उभे राहून सांगताहेत, "शेठ, शुभशकुन आहे!" "शकुन असेल," तो म्हणाला, "पण उपरणं नवं होतं." गेला. पुढचे आले पेणचे, नवराबायको. त्यांच्या वेळी भाऊजींना साक्षात्कार झाला होता, की घर नाकानं विकत घेतात. म्हणून मी पहाटेपासून फणसाची सांदणं उकडत होते. घरभर असा वास सुटला, की रस्त्यावरची माणसं रेंगाळायला लागली. पेणकर जोडप्यानं दोघांत मिळून अकरा सांदणं खाल्ली, बाईंनी कृती विचारून घेतली, बुवांनी झाडावरचा एक फणस मागून घेतला, आणि घराचं नाव न काढता दोघं मोटारीच्या वेळेवर निघून गेली.

पाण्यावरही भाऊजींनी तोड काढली होती. "माडांच्या घरी पाणी कसलं देता? शहाळं द्या!" त्या आठवड्यात एक गृहस्थ आले. एक शहाळं प्यायले, दुसरं प्यायले, ओटी आवडली, झोपाळा आवडला, निळा रंगसुद्धा आवडला! भाऊजी माझ्याकडे बघून डोळे मिचकावताहेत. आणि गृहस्थांनी खिशातून पुडी काढली. "जरा साधं पाणी मिळेल का? वैद्यांचं औषध आहे, शहाळ्याबरोबर चालत नाही." मी पाणी दिलं. दुसरं काय देणार होते? त्यांनी औषध घेतलं, आणि औषध कडू असूनही तोंड वाकडं केलं ते पाणी प्यायल्यावर.

त्या दिवशी संध्याकाळी ह्यांचं कार्ड आलं. खोलीवाला घाई करतो आहे, आठ दिवस वाट बघेन म्हणतो. मी कार्ड वाचलं आणि चुलीशी बसून रडले. मुली अंगणात खेळत होत्या म्हणून रडले, एरवी त्यांच्यासमोर मी कधी डोळ्यांत पाणी आणत नसे. भाऊजी मागच्या दारानं आलेले मला कळलंच नाही. ते दोन क्षण उंबऱ्यात उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा चहा न घेता परत गेले.

सकाळी उजाडता उजाडता बघते, तर फाटकातून कावड येते आहे. कावडीला दोन हंडे आणि कावडीखाली भाऊजी. साठीला टेकलेला माणूस! घामानं निथळलेला, पाय लटपटताहेत. चौलात टेकडीच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिथल्या विहिरीचं पाणी बारा महिने खडीसाखरेसारखं. दोन-अडीच मैल चालून तिथून त्यांनी पाणी आणलं होतं.

"हे काय, भाऊजी?"

"आज उरणकडचे यायचेत ना? हे त्यांना द्यायचं."

"आपल्या विहिरीचं म्हणून?"

"काही म्हणून नाही. नुसतं द्यायचं. ते विचारणार नाहीत, आपण बोलणार नाही."

"भाऊजी, माझी आई सांगायची, सगळ्यात फसवलंस तरी पाण्यात फसवू नको. त्या घरात येणाऱ्या बाईला ते रोज प्यायचंय."

भाऊजींनी खांद्यावरचा वळ चोळला. "वहिनी," ते म्हणाले, "आठच दिवस राहिलेत."

आईचं सांगणं आठवत होतं, धाकटीचे शब्दही आठवत होते. झाकणासकट हंडे उचलून मी मुकाट्यानं पडवीत ठेवले.

उरणकडचे आले ते दोघंच, एक म्हातारी आणि तिचा मुलगा. मिठागरावरची माणसं. मुलगा चांगला तिशीचा, अंगानं दणकट, बोलायला मऊ. त्यानं ओटीवर बसून सगळं सांगितलं. तीन वर्षांमागे उधाणात बांध फुटला, भातशेतीत खाडी शिरली, आणि जमीन अशी खारवली की गवतसुद्धा उगवेना. आता त्याची एका मचव्यात भागी होती, मचवा कौलं आणि मीठ घेऊन सारखा रेवदंड्याला यायचा, म्हणून इकडेच घर करावं असा विचार. भाऊजी त्या दिवशी काळा कोट घालून बसले होते. गाय तयार, झोपाळा तयार. पण म्हातारी ओटीवर आलीच नाही! लुगड्याचा काष्टा कसलेली, ठेंगणी, काळीसावळी बाई घराला वळसा घालून सरळ मागच्या दाराशी गेली. भाऊजींनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मागच्या दारानं! जाणकार बाई आहे." त्यांचा चेहरा उजळला होता.

मी पडवीत गेले. म्हातारी हंड्यापाशी उभी. तिनं वरचं झाकण काढलं होतं.

"बाय," ती म्हणाली, "इहीर कुटं हाय?"

"ही काय, मावशी, पडवीला लागूनच."

"मंग हांड्यान पाला कशाला?"

मी वाकून पाहिलं. पाण्यावर जांभळीची डहाळी तरंगत होती, चांगली चार-सहा पानांची. लांबून भरलेला हंडा आणायचा तर पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून बायका वर हिरवा पाला टाकतात. ज्यांना मैल मैल चालून पाणी आणावं लागतं, त्यांनाच ही गोष्ट ठाऊक. दारात विहीर असलेली बाई हंड्यात कशाला पाला टाकेल? भाऊजींनी वाटेत सांडू नये म्हणून टाकला, आणि घर दाखवायच्या घाईत काढायचा विसरले. त्या पाल्याचा अर्थ दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाला कळला नसता. नेमकी ज्या बाईला कळायला नको होता, तीच हंड्याशी उभी होती.

भाऊजी मागून आले होते. त्यांनी छपराकडे बघायला सुरुवात केली, जणू तिथे एखादं कौल सरकलंय. "वाऱ्यानं पडला असेल," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं, आणि तेही त्यांना धड जमलं नाही. म्हातारीनं दुसऱ्या हंड्याचं झाकण उचललं. तिथेही जांभळीची डहाळी.

"दोनी हांड्यान?" तिनं विचारलं. "वारा मोजून टाकतो काय रं तुमचे गावान?"

मला हसूही आलं आणि रडूही. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी विहिरीशी गेले, रहाटावरून कळशी सोडली, ओढली, आणि तांब्या भरून तिच्या हातात दिला. "मावशी, हे आमच्या विहिरीचं पाणी. या दिवसांत मचूळ होतं. डाळ लवकर शिजत नाही. चहा बरा लागत नाही. आषाढात गोड होतं ते होळीपर्यंत टिकतं. ते हंड्यातलं चौलातून आणलेलं आहे. तुम्हाला फसवणार होतो, माफ करा. मला नवऱ्याजवळ जायचंय, म्हणून हे सगळं." शेवटचं वाक्य का बोलले, मला अजून कळत नाही. परक्या बाईला कुणी असं सांगतं का? पण तोंडातून गेलं खरं.

म्हातारीनं तांब्या तोंडाला लावला. मी आणि भाऊजी तिच्या गळ्याकडे बघतोय. घोट गेला. दुसरा गेला. तांब्या रिकामा झाला. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"याला तू खारा म्हनतेस?"

तांब्या तिनं पायरीवर उपडा ठेवला.

"बाय, आमचे गावान उन्हाल्यात पान्याची होडी येते. येली तर येली. नाय येली तर दोन कोस जायाचा, झऱ्याशी बसायचा, वाटी वाटी भरायचा. माजी सासू झऱ्यावर पान्याला बसली तिकरंच गेली. माजा उभा जनम डोक्यावर हांडा न् त्याच्यान पाला." ती विहिरीत डोकावली. "ही आटतं?"

"कधीच नाही."

"कुनाची वाटनी?"

"कुणाची नाही. घराची एकट्याची."

तिनं माझ्या हातातला दोर घेतला. कळशी सोडली, भरली, ओढली, आणि शेजारच्या माडाच्या आळ्यात ओतली. पुन्हा सोडली, पुन्हा ओतली. पाच, सहा, सात. कुठे न्यायचं नाही, जपायचं नाही, नुसतं ओढायचं आणि ओतायचं. मुलगा ओटीवरून आला. तो म्हणाला, "आये, पुरे." तर ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तू बोल त्यांचेशी. मी हितंच हाय."

तेवढ्यानंही भाऊजींचं समाधान झालं नव्हतं. ते पुढे झाले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मावशी, रंग कसा वाटला घराचा?"

"रंग?" म्हातारीनं मान वळवून पहिल्यांदा भिंतीकडे पाहिलं. "अगो बाय! निला हाय काय?"

मला आठवतं, मी पडवीच्या पायरीवर मटकन बसले आणि हसत सुटले. हसता हसता रडले, आणि परत हसले. दोन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. भाऊजीही हसले, पण जरा उशिरा. तिन्हीसांजेला मी त्यांच्या खांद्याला हळद-तेल लावत होते तेव्हा म्हणाले, "वहिनी, नीळ जरा जास्तच झाली, नाही?"

हे चार दिवसांत आले, कागद झाले, आणि बोटी बंद व्हायच्या आठवड्यात आम्ही निघालो. भाऊजी स्टँडवर निरोपाला आले नाहीत. मी गाडी सुटेपर्यंत बाजाराच्या बाजूला बघत होते. हे म्हणाले, "त्याला निरोप द्यायला जमत नाही, तुला माहीतच आहे." मला माहीत नव्हतं. रेवसला लाँचमध्ये बसलो, मुली लाटा बघण्यात दंग, हे मुलींना बघण्यात दंग, आणि मी मात्र जरा रागावलेलीच होते.

मुंबईची खोली म्हणजे काय, दोन पाट टाकले की चालायला जागा नाही. पण पहिल्याच संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा धाकटी दारातून ओरडली, "आई, बाबा आले!" आणि ह्यांनी चप्पलसुद्धा न काढता तिला उचललं. त्या रात्री मला सात वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. पुढे बरेच दिवस मी त्या सुखातच होते. चहाचं आधण ठेवताना एकदा हात थांबला तेव्हा कुठे डोक्यात आलं, की भाऊजी आता चहाला कुठे जात असतील? ज्या एका दारी त्यांना न विचारता कप मिळायचा, ते दार दुसऱ्याच्या हवाली करायला तो माणूस दोन महिने राबला होता, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मी कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले, पत्र कधी लिहिलं नाही.

दोनएक वर्षांनी एका लग्नाला चौलात गेले, तेव्हा घराकडे वाकडी वाट केली. घर आता पांढरं होतं. पडवीत खाटेवर कुणी पांघरूण घेऊन पडलं होतं, आणि म्हातारी त्याच्यावर ओरडत होती, "गप पड रं भावा! ताप उतरू दे, मंग मोज काय मोजायचा तो!" मला बघून म्हणाली, "वखारीवर एकला पडला व्हता हिवान. पोरानं पाठीवर घालून आनला. आता धाडते कशाला तिकरं?"

मी खाटेशी बसले. भाऊजी आणखीच काटकुळे झाले होते. "खोली कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"लहान आहे. पण सगळी एकत्र असतो."

"मग झालं," म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, झोप लागली. तर तसेच डोळे मिटून बोलायला लागले. "तुम्ही गेलात त्या दिवशी स्टँडवर आलो नाही मी. इथे येऊन फाटकाशी उभा होतो. म्हातारी म्हणाली, चहा घे. मी म्हटलं, नको. परत म्हणाली, परत नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलंन, तेव्हा घेतला."

म्हातारीनं आतून पेजेची वाटी आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, "तू पाज, बाय. माजा ऐकत न्हाय तो." माझी गाडी चारची होती. मी हळूहळू चमच्यानं पेज पाजत बसले, आणि मग सहाच्या गाडीनं गेले.